बाबांच्या चांगुलपणाचं काय झालं?

नागपुरातल्या एका वाचकाचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. तो थोडक्यात असा: "माझे वडील आयुष्यभर लोकांसाठी धावले. कोणाच्या मुलीचं लग्न असो, कोणाची मयत असो, कोणाला रात्री मेडिकलमध्ये भरती करायचं असो, बाबा हजर. एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिले, तो पळाला, हप्ते बाबांनी भरले. मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ज्यांच्यासाठी त्यांनी एवढं केलं त्यातले दोन-चार सोडले तर कोणी फिरकलं नाही. शेजारी एक गृहस्थ आहेत, त्यांनी कधी कोणाला पाणी विचारलं नाही, ते सत्तरीत रोज फुटाळा तलावावर चालायला जातात. माझी आठ वर्षांची मुलगी विचारते, आजोबा चांगले होते तर देवाने असं काहून केलं? चांगुलपणाचं फळ खरंच मिळतं का? तिला मी काय सांगू?"

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. वॉर्डात आम्हाला 'एमएसडब्ल्यू मॅडम' म्हणतात. कोणाची योजनेची कागदपत्रं अडली, कोणाचे नातेवाईक पेशंटला टाकून गेले, कोणाला डॉक्टरांचं बोलणं समजलं नाही, की ती माणसं आमच्या टेबलाशी येतात. गडचिरोली, यवतमाळ, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा, अशा सगळीकडून. तुमचा प्रश्न मी नोकरीभर ऐकला. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. बाबांच्या आजाराचा त्यांच्या चांगुलपणाशी काही संबंध नाही. लोक न येण्याचा थोडा संबंध आहे, पण तुम्ही समजता तसा नाही. या दोन गोष्टी तुमच्या मनात एकात एक गुंतल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या तर बराच त्रास कमी होईल.

उजवी बाजू आणि वाचा एकदम जाते तेव्हा बहुधा मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडलेला असतो किंवा तिथे रक्तस्राव झालेला असतो. त्यामागे वाढलेला रक्तदाब असतो, साखर असते, तंबाखू-खर्रा असतो, हृदयाची अनियमित धडधड असते, कधी नुसतं वय असतं. या कारणांच्या यादीत माणसाचा स्वभाव येत नाही. शेजारच्या गृहस्थांच्या रक्तवाहिन्या आज ठीक आहेत, एवढाच त्यांच्या फिरण्याचा अर्थ. त्यांना बक्षीस मिळालं आणि बाबांना शिक्षा झाली, असं काही घडलेलं नाही.

हे मी जोर देऊन सांगते त्याचं कारण सिकलसेल. आई-वडिलांकडून मुलांत येणारा हा रक्ताचा आजार आपल्या विदर्भात खूप आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे ज्याला आपल्याकडे 'एएस' म्हणतात ते, तर प्रत्येक बाळंतपणात मूल 'एसएस', म्हणजे आजारी, होण्याची शक्यता 25 टक्के असते. एका घरात थोरला ठणठणीत आणि धाकटीचे सांधे दुखून ती रात्र रात्र रडते. अशा एका आईने वॉर्डात मला विचारलं होतं, "म्या कोनाचं काय वाईट केलं होतं जी, मॅडम?" तिला हा प्रश्न सुचला नव्हता. तो तिच्या सासरच्यांनी, शेजारणींनी, कधी देवळातल्या एखाद्या म्हाताऱ्याने तिच्या तोंडी घातला होता. ज्या जनुकामुळे तिची लेक तळमळत होती, त्याची एकच प्रत शरीरात असली तर गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया असलेल्या मुलखात ते टिकून राहिलं. यात पाप कुठे आहे, पुण्य कुठे आहे? तिला हे कागदावर चार गोल काढून समजावल्यावर ती बराच वेळ त्या गोलांकडे पाहत राहिली. मग तिने नवऱ्याला आत बोलावलं आणि त्यालाही तेच समजावून सांगायला मला लावलं.

'चांगल्याचं चांगलंच होतं' हे आपण मुलांना प्रेमाने सांगतो. पण त्या वाक्याची दुसरी बाजू खाटेवरच्या माणसाला टोचते. चांगल्याचं चांगलंच होत असेल, तर ज्याचं वाईट झालं त्याने काहीतरी केलंच असणार, असं मन आपोआप धरतं. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1966 साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना एक मुलगी विजेचे धक्के खाताना दाखवली. तो अभिनय होता, पाहणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. तिचा काही दोष नव्हता. तरीही ज्यांना तिचा त्रास नुसता बघत राहावा लागला, त्यांचं तिच्याबद्दलचं मत खराब होत गेलं. ज्यांना तो त्रास थांबवण्याची संधी दिली, त्यांचं मत तेवढं बिघडलं नाही. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हातात करण्यासारखं काही असलं की माणूस समोरच्याला दोष देत नाही. काहीच करता आलं नाही की तो कारण शोधतो, आणि सगळ्यात जवळचं कारण म्हणजे खाटेवर पडलेला माणूस.

आता लोक का आले नाहीत, त्याकडे येते. इथे मला तुमच्याशी जास्त बोलायचं आहे, कारण इथे काही बदलता येतं.

ज्याच्यावर मोठे उपकार झालेले असतात तो बरेचदा उपकार करणाऱ्याला टाळतो. कृतघ्नपणा हे कारण नेहमी नसतं. ज्याच्या मुलीच्या लग्नात तुमच्या बाबांनी पैसे घातले, त्याने ते परत केले नसतील, तर बाबांसमोर उभं राहताना त्याची मान खाली जाते. आता बाबा आजारी, घरात खर्च चाललेला, आणि आपल्याकडे द्यायला काही नाही. मग तो आज जाऊ, उद्या जाऊ करतो. दोन महिने गेले की न गेल्याचीच लाज वाटू लागते, आणि मग तो कायमचाच येत नाही. वॉर्डाच्या दारापर्यंत येऊन परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. काहींना तर लकव्याच्या पेशंटजवळ बसून काय बोलायचं हेच कळत नाही, त्याची भीती वाटते.

म्हणून तुम्ही वाट पाहणं सोडा आणि मागा. "कधी येऊन जा ना काका" असं मोघम नका मागू. "काका, मंगळवारी चार ते सहा मला बँकेत जायचं आहे, तेवढा वेळ बाबांजवळ बसाल का?" असं मागा. "तुमच्याकडे गाडी आहे, पुढच्या महिन्यात तपासणीला न्यायचं आहे, याल का?" असं मागा. ज्याच्यावर ओझं आहे त्याला ते उतरवायला जागा मिळते. आणि तुम्हाला वाटतं त्याहून जास्त लोक हो म्हणतात. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी 2008 मध्ये हे नीट मोजून दाखवलं: अनोळखी माणसांकडे छोटी मदत मागायला निघालेल्यांनी जेवढ्यांना विचारावं लागेल असं धरलं होतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात खूपच कमी लोकांना विचारून काम झालं. मागणाऱ्याला नकाराची भीती दिसते. ज्याला मागितलं जातं त्याला नाही म्हणणं किती जड जातं, ते मागणाऱ्याला दिसत नाही. तुमचे बाबा लोकांना देत राहिले, मागायला ते बहुधा शिकलेच नाहीत, आणि तुमच्या घरातही ती सवय आली नसेल. मदत मागणं हीसुद्धा एक रीत आहे, ती मोठ्या वयातही शिकता येते.

जामिनाचा विषय मात्र मी चांगुलपणात धरणार नाही. मित्राला स्वतःच्या खिशातून झेपेल तेवढे पैसे देणं वेगळं आणि त्याच्या कर्जाला सही करणं वेगळं. जामीनदार म्हणून कर्जाची पूर्ण जबाबदारी आपल्यावर येते, आणि ते पैसे आपल्या बायकामुलांच्या वाट्याचे असतात. पुष्कळ सज्जन माणसांना 'नाही' म्हणता येत नाही आणि ते त्यालाच दया समजतात. बाबांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. तुमच्या मुलीला दोन्हींतला फरक कळावा, म्हणून लिहिते. तिला 'नाही' म्हणता आलं तर तिचं 'हो' पुढे जास्त वर्षं टिकेल.

मग केलेल्या चांगल्याचं होतं काय? ते जातं कुठे? माझा अनुभव असा की ते जातं, पोचतं, पण करणाऱ्याच्या पत्त्यावर क्वचितच परत येतं. रक्ताचं घ्या. मे महिन्यात नागपुरात कॉलेजं बंद असतात, बाहेर पंचेचाळीस अंश, शिबिरं होत नाहीत, आणि रक्तपेढ्यांत टंचाई पडते. थॅलेसिमियाच्या मुलांना मात्र मेमध्येही दर काही आठवड्यांनी रक्त लागतंच, सिकलसेलच्या कितीतरी मुलांनाही अधूनमधून लागतं. त्या दिवसांत कोणी तरी येऊन रक्त देऊन जातं. पिशवीवर त्याचं नाव नसतं. मुलाला तो कधी भेटत नाही. दोन दिवसांनी ते मूल पलंगावर उड्या मारत असतं, हे त्याला कधी कळत नाही. आम्हाला कळतं. हे फळच आहे, पण ते दुसऱ्याच्या अंगणात पडतं.

रक्तासाठी पैसे द्यायची पद्धत आपल्याकडे होती. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशभर बंदी आली. कारण साधं होतं. ज्याला पैशांची निकड आहे तो आपला आजार लपवतो, आणि मग ते रक्त घेणाऱ्याच्या जिवावर उठतं. मोबदल्याची आशा जिथे आत शिरते तिथे काही वेळा मदतच बिघडते, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

याच्या उलट एक ठिकाण आहे, जिथे सरकारने बक्षीस ठेवलं आहे: रस्त्यावरचे अपघात. जखमीला पहिल्या तासात, ज्याला कायदा 'गोल्डन अवर' म्हणतो, रुग्णालयात पोचवणाऱ्याला केंद्र सरकारने ऑक्टोबर 2021 पासून 5,000 रुपये देऊ केले. 2025 मध्ये ती रक्कम 25,000 झाली आणि योजनेला 'राह-वीर' नाव मिळालं. चांगली गोष्ट आहे. पण कॅज्युअल्टीत रक्ताने भरलेल्या शर्टाने उभ्या असलेल्या माणसाने मला कधी पैशांबद्दल विचारलं नाही. तो विचारतो, "मॅडम, मले पोलीस ठाण्यात तं नाही ना बोलावतीन?" चांगल्या माणसाला बक्षिसापेक्षा जास्त गरज असते ती त्रास न होण्याची. म्हणून मला योजनेपेक्षा तिच्याआधीचा कायदा मोठा वाटतो. 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली, 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134क आलं, 2020 मध्ये नियम झाले. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही, त्याच्याकडून उपचाराचे पैसे मागू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, ते तो ठरवतो. हे तुम्ही वाचलंत, तर कृपा करून आणखी दोघांना सांगा. वर्धा रोडवर, अमरावती रोडवर रोज गाड्या थांबतात, लोक उतरतात, गोल करून उभे राहतात, आणि एकही हात पुढे येत नाही. ती माणसं वाईट नसतात, घाबरलेली असतात.

घाईचंही तसंच आहे. प्रिन्स्टनला 1973 साली झालेल्या एका प्रयोगात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे पाठवलं, आणि वाटेत खोकत-कण्हत वाकून बसलेला एक माणूस ठेवला. ज्यांना सवड होती त्यांतले 63 टक्के थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलं होतं त्यांतले 10 टक्के. काहीजण तर दयेवरच प्रवचन द्यायला निघाले होते, त्यानेही खास फरक पडला नाही. आमच्या ओपीडीत सकाळी दहा वाजता जे दिसतं ते हेच. तीच सिस्टर दुपारी तीनला म्हाताऱ्याचा हात धरून त्याला एक्स-रेपर्यंत नेते आणि सकाळी दहाला त्याच्याकडे मान वर करून बघत नाही. स्वभाव तोच, रांग वेगळी. म्हणून शिष्टाचाराला मी फार मानते. सवड नसताना, मूड नसताना, दया आतून येत नसतानाही जे आपल्या हातून घडतं ते शिष्टाचाराने घडतं. "बसा", "पाणी घ्या", "बाबा, तुमचं नाव काय?", "तुमचा नंबर यांच्यानंतर आहे, वीस मिनिटं लागतील" ही वाक्यं बोलायला करुणा लागत नाही, सवय लागते. आणि गावाहून पहाटेची एसटी धरून आलेल्या माणसाचा सगळा दिवस त्यावर ठरतो. नागपूरच्या घरांत उन्हातून आलेल्याला आधी पाणी देतात, मग काम विचारतात. ती रीत सरकारी खिडकीपर्यंत पोचावी, एवढीच माझी नोकरीभर धडपड होती.

देण्याचीही रीत असते. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर संध्याकाळी जेवण वाटणारे पुष्कळ गट येतात, आणि ते आले नाहीत तर कितीतरी नातेवाईक उपाशी झोपतील, हे मी जाणते. पण एखाद्या गटाचा मोबाइल फोटोसाठी वर झाला की रांगेतली काही माणसं हळूच बाजूला होतात. शेतकरी असतात, गावात चार माणसांत मान असलेली. लेकराच्या ऑपरेशनसाठी बैल विकून आलेली. त्यांना भूक असते, पण जेवण मागतानाचा चेहरा कोणाच्या फोनमध्ये जावा असं वाटत नाही. याउलट दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीकडच्या रस्त्यांवर जाऊन पाहा. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसं येतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संस्था, कर्मचारी संघटना, वस्त्यांची मंडळं जेवण, पाणी, औषधं घेऊन उभी असतात. "या ताई, बसा, जेवून घ्या." घेणारा तिथे पाहुणा असतो. मी माझ्या विद्यार्थिनींना समाजकार्याच्या पुस्तकांआधी तिथे उभं राहायला पाठवत असे.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. तिला 'आजोबांना देव नंतर फळ देईल' असं सांगू नका. ती हुशार आहे, तिला हिशेब जुळत नाही हे दिसलंच आहे. तिला सांगा, आजोबांच्या डोक्यात रक्ताची एक नळी बंद पडली, ती कोणाचीही पडू शकते, आणि चांगलं वागल्याने ती उघडी राहत नाही. मग तिला विचारा, आजोबांनी कोणाकोणासाठी काय काय केलं ते तिला माहीत आहे का. नसेल तर त्या दोन-चार माणसांना, जे येतात त्यांना, तिच्यासमोर सांगायला लावा. कोणाची बायको वेळेत रुग्णालयात पोचली, कोणाची फी भरली गेली. त्या बायका आज घर चालवत असतील, ती मुलं नोकरीला असतील. बाबांच्या हयातीत, बाबांना ऐकू येईल अशा आवाजात हे सांगितलं जाऊ द्या.

कारण एक गोष्ट तुम्ही लिहिली आहे, पण तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही: बाबांचं बोलणं गेलं. बोलणं जाणं म्हणजे समजणं जाणं नव्हे. अशा पुष्कळ पेशंटांना आजूबाजूचं बरंच कळत असतं, शब्द तेवढे सापडत नाहीत. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. पाहुणे येतात आणि त्यांच्या डोक्यावरून तुम्हाला विचारतात, "जेवतात का? ओळखतात का?" हे बंद करा. जो येईल त्याला दारातच सांगा की बाबांशी बोला, बाबांबद्दल नाही. लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू नका. एका वेळी एक गोष्ट विचारा, जिचं उत्तर मानेने हो-नाही देता येईल. मग थांबा. दहा-पंधरा सेकंद लागतात, तो वेळ आपल्याला फार मोठा वाटतो, पण त्यांचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. टीव्ही बंद ठेवा. वाचा-उपचार सुरू केले नसतील तर विचारून सुरू करा. वर्ष झालं म्हणून आता उपयोग नाही, असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका, सुधारणा नंतरही होते, हळू होते.

आणि हे शिकवण्याचं काम तुमच्या मुलीकडे द्या. आठ वर्षांचं मूल ते मोठ्यांपेक्षा चांगलं करतं. येणाऱ्या काकांना ती सांगेल, "आजोबांना थोडा वेळ द्या, ते सांगून राहिले." मग तुम्हाला मंगळवारी चार ते सहा बाहेर जायला हरकत नाही.